आंबटाचं पथ्य

जखम झालेल्या माणसानं आंबट खायचं नाही. खाल्लं की जखम चिघळते, पू धरते, आणि मग देवसुद्धा काही करू शकत नाही. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. आमच्या तिसगावच्या बाजूला चूल फुंकायला कुणी शिकवतं का? तसंच हे. शिवाय मी एखादी गोष्ट एकदा धरली की सोडत नाही, हा माझा स्वभाव. माझी आई मला हट्टाचं गाठोडं म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची नाही.

लढाईची वर्षं होती. मी विशीतली, लग्नाला चार वर्षं झालेली. आमचे हे कातडं कमवायचे. आजेसासरे ख्रिस्ती झाले तेव्हा घरातला देव्हारा गेला आणि भिंतीवर क्रूस आला, पण मागच्या अंगणातली चुन्याची आणि तरवडाच्या सालीची कुंडं होती तिथंच राहिली. आसपासच्या चार गावांच्या मोटा आमच्याकडे यायच्या. मोट फुटली की मळ्याचं पाणी थांबायचं, आणि पाणी थांबलं की एरवी आमच्या ओट्याला न शिवणारी माणसंसुद्धा लांब उभी राहून गोड हाका मारायची. मला त्या हाकांचा भारी राग यायचा. हे मात्र हसत बाहेर जायचे.

कातडं मुरवायचं म्हणजे नुसतं भिजत घालून चालत नाही. सालीच्या पाण्यात उतरून ते पायांनी तुडवावं लागतं, तासन्‌तास. ह्यांचे हात इतरांसारखेच होते, पण पाय असे की एकदा कुंडात उतरले की दुपारपर्यंत थांबायचे नाहीत. तेच आमचं पोट होतं.

नाताळ होऊन आठवडा झाला असेल. हे ओलं कातडं लाकडावर पसरून आतलं मांस रापीनं खरवडत होते. कातडं सरकलं, रापी सुटली आणि डाव्या नडगीवर बसली. चार बोटं लांब जखम. मी धावत जाऊन बांधावरचा दगडीपाला ओरबाडून आणला, चुरगाळून त्याचा रस पिळला, वर हळद दाबली, धोतराची पट्टी बांधली. हे म्हणाले, "अगं, एवढं काय धावतीस, पाय तुटला न्हाई अजून." मी म्हणाले, "तुमी गप बसा." आणि त्याच दिवसापासून पथ्य सुरू केलं.

पथ्य कसं, ते सांगते. चिंच नाही, लिंबू नाही, ताक नाही, आवळा नाही. पालेभाजी वातूळ म्हणून नाही. मिरची उष्ण म्हणून नाही. उरलं काय? ज्वारीची भाकरी, मुगाचं साधं वरण, कधी भात, त्यावर बोटभर तूप. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, दिवाळीपासून घरात हिरवं पान आलं नव्हतं, रेशनच्या ज्वारीवर दिवस चालले होते. म्हणून पथ्य पाळायला काही फार त्रास झाला नाही. त्रास दिला तो बोरांनी. दुष्काळाला न जुमानता बांधावरच्या बोरी लगडल्या होत्या, आणि ह्यांना दारात बसून त्या दिसायच्या.

"चार बोरं दे गं."

"न्हाई."

"दोन दे. तोंडाला चव न्हाई."

"आता बया! डोहाळे लागलेत का काय तुमाला?" मी म्हणाले, तशा सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. तेही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चिंचेचं बुटुक तरी दे. लिंबाची फोड तरी दे. मोठा बाप्या माणूस, पण आंबटासाठी अगदी कासावीस झाला होता. मला ती जिभेची खोड वाटली.

महिना गेला. जखम वरून खपली धरायची, आम्ही सुस्कारा टाकायचो, आणि दोन दिवसांत खपली निघून खाली तसंच लाल. कडा जांभळ्या पडायला लागल्या. अशा जखमा मी कितीतरी पाहिल्या होत्या, माझ्याच हातांनी बांधल्या होत्या, आणि पंधरा दिवसांत भरल्या होत्या. ही का भरत नाही? मला बसवेना. भाकरी थापताना मी उठून त्यांची पट्टी बघून यायची. नदीच्या खड्ड्यावर पाणी भरायला गेले तरी अर्ध्या वाटेतून परत यावंसं वाटायचं. माझ्या मनात एकच शंका होती: हा माणूस चोरून आंबट खातो.

आणि एक दिवस घोंगडीखाली बोराच्या बिया सापडल्या. सात बिया.

मी घर डोक्यावर घेतलं. एवढी बोलले, एवढी बोलले की शेजारच्या बाया दारात आल्या. "तुमाला पाय नको झालाय का? मला रांडव करायचंय का? मी इथं जीव टाकतीय अन् तुमी बोरं खाताय!" त्यांनी मान खाली घातली. मग माझा हात धरला आणि म्हणाले, "तुज्या गळ्याशप्पत, पुन्हा तोंडाला लावनार न्हाई."

शब्दाचे पक्के. पुन्हा लावलं नाही. मागितलंसुद्धा नाही.

त्यानंतर सगळंच बिघडत गेलं. हिरड्या सुजल्या, भाकरीचा तुकडा चावला की त्याला रक्त लागायचं. मी म्हणाले, मिसरी जास्त घासता, त्याचं हे. मिसरी बंद केली. मांडीवर काळे-निळे डाग दिसायला लागले. कुठं आपटलात? कुठंच नाही म्हणायचे. उठून चार पावलं टाकली की धाप. अंगणात मोटा पडून राहिल्या, भिजत घातलेली दोन कातडी सडली, लांबून हाका मारणारी माणसं दुसऱ्या गावी जायला लागली. मी चिडून म्हणायची, "असं पडून राहून पायात ताकद कुठून येनार?" आज ते वाक्य आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

मग ते झालं, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

हे आठ-नऊ वर्षांचे असताना बापाबरोबर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेले होते. तिथं एका खोंडानं शिंग मारून उजवा हात कोपराखाली फाडला होता. ती जखम केव्हाच भरलेली. लग्न झाल्यापासून मी तो व्रण बघत होते, पांढरा, गुळगुळीत, वीतभर. त्या सकाळी मी ह्यांना आंघोळ घालत होते आणि हाताखाली तो व्रण मऊ लागला. बघितलं तर लाल झालेला. दोन दिवसांनी तो उघडला. नवं काही लागलं नाही, खरचटलं नाही. वीस वर्षांपूर्वी मिटलेली जखम आपोआप, शिवण उसवावी तशी उसवली.

सासूबाईंनी बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. "करनी हाय ही," त्या म्हणाल्या. "न्हाईतर साडेसाती. शिंगणापूरला तेल घालून येते."

"आत्याबाई, आपन ख्रिस्ती हाय."

"म्या हाय ना ख्रिस्ती. शनी न्हाई."

सासूबाई ऐकतात कुठल्या! त्या शनिवारी कुणाच्या तरी बैलगाडीतून गेल्या आणि तेल घालून आल्या. रविवारी चर्चात सगळ्या मंडळीसमोर पाळकांनी ह्यांच्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना केली. आणि मी काय केलं? मी पथ्य आणखी कडक केलं. तूप बंद. वरणातलं मीठही काढलं. कुठंतरी काहीतरी कमी पडतंय एवढं कळत होतं, आणि मला वाटत होतं ते माझं पथ्यच कमी पडतंय.

शेवटी पाळकच म्हणाले, नगरला दवाखान्यात न्या. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, मागं ती धुरकट भट्टी लावलेली. करंजीच्या घाटात गाडी रडायला लागली की ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवायचा. त्या दिवशीही उतरवलं. पुरुष ढकलायला लागले. हे एकटे आत बसून राहिले, मान खाली घालून. घाटात गाडी ढकलायला कायम पुढं असणारा माणूस! मी पदर खोचला आणि त्यांच्या वाट्याचं मी ढकललं. लोक हसले. हसू देत.

दवाखान्यात दोन डॉक्टर त्यांना बघायचे. एक मोठे डॉक्टर, कापाकापीचे, बोलायला तुटक. दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई, आपल्याच मराठी, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, नाकाला रुमाल लावला, नडगी दाबून बघितली आणि म्हणाले, "हाडापर्यंत गेलंय. गुडघ्याखाली काढावा लागेल. गुरुवारी घेऊ."

तो रविवार होता.

पाय काढायचा म्हणजे काय, हे मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. ते पायाकडे बघत होते. एका पायानं कुंडात कोण उतरणार? आणि कुंडात उतरले नाहीत तर हे कोण? मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं. मी वऱ्हांड्यात गेले आणि ह्या टोकाकडून त्या टोकाकडे चालत सुटले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई एकट्याच पुन्हा आल्या. त्यांनी ह्यांचा ओठ वर करून हिरडी बघितली. हातावरची उसवलेली जखम बराच वेळ बघितली. पायावरचे केस अगदी जवळून बघितले, केसांच्या मुळाशी लाल ठिपके होते. मग मला विचारलं, "ह्यांना खायला काय देता?"

मी ताठ उभी राहिले. ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होते म्हणा ना. भाकरी, अळणी वरण, भात, असं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाई, तीन महिन्यांत आंबटाचा कण तोंडात जाऊ दिला नाही मी. पाला नाही, मिरची नाही. आमच्यासारखं पथ्य गावात कुणी पाळलं नसेल."

त्यांनी पुन्हा एकदा त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून नर्स लिंबाचं पाणी आणून देईल. दोन वेळा, मोठा पेला. सगळं पाजायचं. माझा अंदाज बरोबर असला तर तीन दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबेल. ते थांबलं तर मी मोठ्या डॉक्टरांशी बोलेन." त्यांना कुणीतरी हाक मारली आणि त्या घाईनं गेल्या.

लिंबाचं पाणी! उघड्या हाडावर लिंबाचं पाणी! मला वाटलं ह्या बाईचं डोकं फिरलंय. गोरीगोमटी, शिकलेली, हिनं आयुष्यात कधी कुणाची जखम महिनाभर बांधलीय का? उद्या आपल्या घरी जाईल. पाय आमचा जाईल. पाय नाही, सगळा माणूसच जाईल.

सोमवारी सकाळी नर्स पेला घेऊन आली, स्टुलावर ठेवला, "पाजा हं," म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. ह्यांचे डोळे मिटलेले होते. मी पेला पदराआड घेतला, वऱ्हांड्यात गेले आणि कठड्यावरून खाली कडुलिंबाच्या झाडाखाली ओतून दिला. रिकामा पेला परत स्टुलावर आणून ठेवला. संध्याकाळी तेच. मंगळवारी दोन्ही वेळा तेच. आवारात नातेवाइकांसाठी चुली होत्या, तिथं मी माझ्या हातानं अळणी वरण करत होते आणि ते त्यांना भरवत होते. मला आपण काही चुकीचं करतोय असं वाटलं नाही. उलट एवढ्या मोठ्या दवाखान्यात ह्यांचा पाय राखणारी मी एकटीच आहे असं वाटत होतं. पण जीवाला स्वस्थता कशी ती नव्हती. वाटायचं, बघितलं असेल कुणी. नर्सनं नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी मी पदर सावरत उभी राहायची.

बुधवारी सकाळचा पेलाही झाडाखाली गेला. त्यानंतर थोड्या वेळानं दोन्ही डॉक्टर बरोबर आले. बाईंनी आधी ह्यांचा ओठ वर केला. बोटानं हिरडी दाबली. बोटाला रक्त लागलं.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एखाद्या बाईचं तान्हं मूल दुसऱ्यानं घेऊन जावं, तसा पडला तो. "तीन दिवस लिंबू घेऊनसुद्धा?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्या डॉक्टरांकडे वळून, "मग माझंच चुकलं. मला वाटला होता तो हा रोग नाही."

"मी म्हणालोच होतो," मोठे डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी. आज रात्री पोटात काही देऊ नका."

ते पुढच्या खाटेकडे वळले. बाई अजून तिथंच उभ्या होत्या, बोटावरचं रक्त पुसत. आणि माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. ही बाई हरली म्हणून हिला एवढं दुःख का व्हावं? हिचा कोण लागतो माझा नवरा? जिला पाय जाण्याचं माझ्याइतकं वाईट वाटतंय ती मुद्दाम वाईट पाजेल कशी? आणि पाजलंच नाही, तर हिचं चुकलं असं कसं म्हणायचं? हिचं चुकलं की माझं, हे अजून कुणी बघितलंच नाही!

"त्यांनी प्यायलंच न्हाई!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळला. "एक घोट सुदिक न्हाई! मी ओतलं. समदं मी ओतलं, त्या झाडाखाली."

मोठे डॉक्टर माघारी आले. ते मला जे बोलले ते बरोबरच होतं, पण मी इथं लिहिणार नाही. नर्स तोंडावर हात ठेवून उभी. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या मोठ्या डॉक्टरांना बाजूला घेऊन गेल्या, बराच वेळ इंग्रजीत बोलणं चाललं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी खाटेचा गज धरून उभी होते. शेवटी मोठे डॉक्टर चार बोटं दाखवून निघून गेले.

"चार दिवस दिलेत," बाई म्हणाल्या. "आता पेला तुम्ही पाजायचा, आणि मी समोर उभी राहून बघणार."

मग त्यांनी मला वऱ्हांड्यातल्या बाकावर बसवलं. बसवलं म्हणजे खांदा दाबूनच बसवावं लागलं. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे सरस करतात?"

"करतो की. कातड्याची सालपटं, शिरा, सगळं उकळत ठेवलं की सरस निघतो. चिकट."

"तो सरस कातड्यात येतो कुठून? जनावराच्या अंगातूनच ना. तुमच्या-माझ्या अंगातही तोच आहे. कातडीत, हाडात, हिरड्यांत, रक्ताच्या नळ्यांत. सगळं अंग त्यानं धरून ठेवलंय. इंग्रजीत त्याला कोलॅजेन म्हणतात, म्हणजे सरस देणारा. जखम भरते ती त्यानंच."

"मग ह्यांचा कुठं गेला?"

"कुठं गेला नाही. शरीर तो रोज थोडा मोडतं आणि रोज थोडा नवा बांधतं. घराचं लिंपण कसं दरवर्षी करावं लागतं, तसं. आपल्याला वाटतं जुना व्रण म्हणजे संपलेली गोष्ट. तो संपलेला नसतो, त्यालाही रोज नवा सरस लागतो. आणि तो बांधायला एक सत्त्व लागतं, ते लिंबात असतं, आवळ्यात, बोरांत, पेरूत, हिरव्या मिरचीत, पाल्यात. ते पोटात गेलं नाही की मोडणं चालू राहतं आणि बांधणं बंद. ह्या सत्त्वाच्या गोळ्यासुद्धा असतात, पण लढाईमुळे येत नाहीत."

बोरांत. मी तो एकच शब्द ऐकला. पुढचं काही ऐकू आलं नाही. सात बियांवरून मी केलेला तमाशा डोळ्यांसमोर आला. त्यांचं शरीर आपणहून औषध मागत होतं, आणि मी त्याला डोहाळे म्हणत होते. माझ्या हातानं, रोज दोन वेळा, ताटात वाढून, मी त्यांच्या अंगातला सरस सोडवत होते. कातडं कमावणाऱ्याच्या घरातली बाई मी! मी बाईंच्या पायावर डोकं ठेवायला वाकले तर त्यांनी मला धरलं आणि म्हणाल्या, "आता रडू नका, लिंबं चिरा."

मी लिंबं चिरली. दिवसाला आठ-दहा. पेला ओठाला लावला की हे मुकाट्यानं पीत होते, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि पिताना डोळे मिटत होते. बोलत काही नव्हते. विचारलं तर हूं म्हणायचे. मला वाटलं, बरोबर आहे. हा माणूस आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते. चार दिवस मी एका जागी बसले नाही. खाट, वऱ्हांडा, चूल, पुन्हा खाट. नर्स म्हणाली, "बाई, तुमच्या पायाला काही व्हायच्या आधी बसा." मला शेवटी शेवटी ओठ वर करून बघायचं भय वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी बाईंनी हिरडी दाबली. पुन्हा दाबली. बोट कोरडं होतं. त्यांनी ते बोट वर धरून मोठ्या डॉक्टरांना लांबूनच दाखवलं, अगदी शाळेतल्या पोरीसारखं.

पाय राहिला. आठ-दहा दिवसांत नडगीच्या कडेनं गुलाबी, ताजं मांस दिसायला लागलं. हातावरची जखम मिटली. मोठे डॉक्टर एक दिवस पट्टी सोडून बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "पथ्य पाळण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. आता हेही पाळा." त्यांचं ते बोलणं चेष्टेचं होतं की रागाचं, मला आजवर ठरवता आलं नाही.

आम्ही घरी निघालो तेव्हा उन्हाळा तापला होता. मोटारीनं तिसगावला सोडलं, तिथून आमची वस्ती दीड कोस. बैलगाडी बघते म्हटलं तर हे म्हणाले, चालत जाऊ. हातात काठी होती, पण तिच्यावर भार नव्हता. मी मागं मागं, त्यांची पावलं बघत. पावलं बरोबर पडत होती, तरी मी ती मोजत होते. हे आता बोलतील, मग बोलतील. पाव कोस गेलो, अर्धा कोस गेलो. शेवटी मलाच राहवलं नाही.

"अहो, एकदा काय ते बोलून टाका. शिव्या द्या. मारा पायजे तर. तुमी त्या दिवशी भिंतीकडं तोंड फिरवलं, तवापासून माज्या जीवात जीव न्हाई."

ते थांबले. "अगं, म्या रागानं न्हाई फिरवलं."

"मग?"

"रडू आलं म्हनून फिरवलं. तुला त्या समद्यांफुडं बोलावं लागलं म्हनून."

मी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिले.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "पहिल्या दिसापासनं. डोळं मिटलं हुतं पर जागाच हुतो. तू पदराआड पेला घेऊन गेलीस ते बघितलं. वास येत हुता लिंबाचा. लई वाटत हुतं, म्हनावं दे एक घोट."

"मग म्हनाला का न्हाई?"

"म्हटलं, तू ओततीस म्हंजे माज्या भल्याचंच असंल. डॉक्टरला काय ठावं, तुला ठावं."

"अन् पाय गेला असता तर?"

"गेला असता," ते म्हणाले. अगदी साधं. विहिरीत पाणी नाही म्हणून सांगावं तसं.

रागावले असते तर मी भांडले असते. चार दिवस अबोला धरला असता तर मीही धरला असता, त्यात मी कच्ची नव्हते. पण ह्याला काय करायचं? एवढा विश्वास टाकल्यावर माणसानं उभं कसं राहायचं? मी रस्त्याच्या कडेला, धुळीतच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. आयुष्यात तेवढी कधी रडले नव्हते.

ते थोडे पुढं गेले होते. माघारी आले, काठी काखेत धरली, दोन्ही पायांवर उभे राहिले आणि मला उठवायला हात पुढं केला. "चल गं," म्हणाले, "ऊन व्हायला लागलंय."